काटकसरीचा काळा धूर

पर्यावरणाची आम्हाला फार कळकळ आहे, पण ती परवडत नाही, हे रडगाणे या देशातील बडे कारखानदार, घाऊक मालाचे सम्राट आणि गोदामांचे जहागीरदार गेली कित्येक वर्षे गात आले आहेत. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर हिरवे पान छापायचे, आतल्या पानांत २०४० आणि २०५० सालच्या आणाभाका घ्यायच्या, पाच जूनला अध्यक्षमहाशयांच्या शुभहस्ते एक रोपटे मातीत खोचून त्याचे छायाचित्र काढायचे, आणि त्याच संध्याकाळी अर्धा रिकामा ट्रक बाराशे किलोमीटरवर पिटाळायचा, असा हा व्रतस्थ दिनक्रम आहे. कुणी विचारलेच, की बाबांनो, हा ट्रक दोन दिवस थांबवून भरून का पाठवला नाही, हा माल रेल्वेने का गेला नाही, ही घाई नेमकी कुणाच्या बापाची होती, तर उत्तर ठरलेले असते : खर्च वाढतो.

हे उत्तर खोटे आहे.

खोटे म्हणतो ते रागाच्या भरात नव्हे, गणिताच्या आधारावर. एका वेळी किती माल मागवावा, हा प्रश्न जगाला काल पडलेला नाही. फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकी अभियंत्याने १९१३ साली त्याचे सूत्र मांडले आणि व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात ते आजही सुरुवातीलाच शिकवतात. थोडा थोडा माल वारंवार मागवला तर फेऱ्यांचा खर्च चढतो. ढीगभर एकदम मागवला तर गोदामाचे भाडे, अडकलेल्या पैशाचे व्याज आणि मालाची खराबी चढते. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी खर्च सर्वांत कमी असतो. एवढे प्रत्येक एमबीएला पाठ असते. पण त्याच सूत्राच्या पोटातली दुसरी गोष्ट तो नोकरीला लागताच सोयीस्करपणे विसरतो. खर्चाची रेषा त्या सर्वांत खालच्या जागी परातीच्या बुडासारखी पसरट असते. एका वेळच्या मागणीचा आकार दीडपट केला तर फेऱ्या एक तृतीयांशाने घटतात, आणि ने-आण व साठवण यांचा एकत्रित खर्च वाढतो फक्त ८.३ टक्के. शंभर रुपयांच्या वस्तूवर हा एकत्रित खर्च सहा रुपये धरला, तर वाढ झाली पन्नास पैसे! आकार केवळ वीस टक्क्यांनी वाढवला तर फेऱ्या सहाव्या हिश्शाने कमी होतात, आणि खर्चातली वाढ दोन टक्केही भरत नाही. हॅरिसच्या सूत्राला शंभर वर्षे झाली त्याच साली, म्हणजे २०१३ मध्ये, साइफ बेंजाफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सूत्रात कार्बनची बाजू घालून दाखवून दिले, की मागणीचे प्रमाण थोडे हलवले तर खर्चाला फारसा धक्का न लावता उत्सर्जन लक्षणीय घटवता येते. त्यासाठी नवे यंत्र नको, विजेवरचा ट्रक नको, परदेशी सल्लागार नको. संगणकाच्या पडद्यावरचा एक आकडा बदलायचा. तो बदलत नाहीत.

शीतगृहातल्या मालाची गोष्ट वेगळी, हे आम्ही जाणतो. आइस्क्रीम किंवा लस जास्त काळ साठवली तर वीज जळते, आणि तिथे वारंवार फेऱ्याच कदाचित बऱ्या. पण साबणाच्या वड्या, टायर, फरशा, प्लास्टिकच्या बादल्या आणि पत्र्याची कपाटे हे सज्जन कोणत्या शीतगृहात ठेवतात, ते एकदा जनतेला कळू द्या.

आता भिवंडीला चला. मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा ही एकेकाळची भातशेतीची गावे. मुंबईच्या हद्दीत शिरण्याआधी जकात भरावी लागे, म्हणून माल हद्दीबाहेर ठेवायची टूम निघाली आणि भाताच्या खाचरांवर पत्र्यांची छपरे चढली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकताना केंद्रीय विक्रीकर लागे, म्हणून प्रत्येक राज्यात एकेक गोदाम, हाही त्याच काळातला शहाणपणा. या खंडप्राय देशात माल कुठे ठेवायचा हे अंतराने ठरवले नाही, गरजेने ठरवले नाही, जकातीच्या नाक्यावरच्या कारकुनाने ठरवले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, आणि कंपन्यांनी विखुरलेली गोदामे मोडून थोडीच पण अवाढव्य केंद्रे उभारली. खर्च किती वाचला याचे रंगीत आलेख भागधारकांना दाखवले गेले. मालाचा प्रवास किती किलोमीटरनी लांबला, याचा आलेख कुणी पाहिला आहे काय?

पहाटे चार वाजता मानकोली नाक्यावर उभे राहावे, म्हणजे त्या आलेखाची गरज उरत नाही. ट्रेलरमागे ट्रेलर, त्यांच्या फटींतून वाट काढणारे छोटा हत्ती, खड्ड्यातल्या पाण्यात एक चाक आणि दुभाजकावर दुसरे. गोदामात आत घ्यायला नंबर लागेपर्यंत ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवून भात शिजवणारा क्लीनर, आणि इंजिन चालूच ठेवून स्टिअरिंगवर डोके टेकलेला ड्रायव्हर. मागची ताडपत्री उचलून बघा : हौद्यात कमरेएवढा माल आणि वर नुसती हवा. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. ट्रक लिटरला चार किलोमीटर चालतो असे धरले, तर मुंबई-दिल्लीच्या एका खेपेला जवळजवळ एक टन. आणि अर्धा भरलेला ट्रक काही अर्धेच डिझेल पीत नाही. लोखंडाचे धूड तेवढेच, टायर तेवढेच, घाट तेवढाच. दिल्लीला जाऊन परतीचा माल मिळाला नाही तर तो रिकाम्या हौद्याने हजार-दीड हजार किलोमीटर पुन्हा धूर ओकत येतो. ही हवा विकत घेणारे गिऱ्हाईक कुठे आहे? ती फुकट आहे, आणि भिवंडी-कल्याणची पोरे ती फुकटच आत ओढतात.

आता ट्रक अर्धे का सुटतात, याचे रहस्य सांगतो. ते ऐकल्यावर 'खर्च वाढतो' म्हणणाऱ्याच्या तोंडावर हसल्यावाचून वाचकाला राहवणार नाही. महिन्याची पंचवीस तारीख उजाडली, की कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याच्या अंगात येते. टार्गेट बाकी आहे! तालुक्याच्या वितरकाला फोन जातो : "शेठ, माल उचला." शेठ म्हणतो, मागचाच पडून आहे, जागा नाही. "उचला हो, पुढच्या महिन्यात स्कीम देतो." मग एकतीस तारखेच्या रात्री बारापूर्वी बिल फाटले पाहिजे, ई-वे बिल निघाले पाहिजे आणि ट्रक गेटबाहेर पडला पाहिजे, या एकाच ध्यासाने मिळेल त्या भाड्यात, मिळेल त्या ट्रकमध्ये, मिळेल तेवढा माल कोंबून रवाना होतो. त्या शेवटच्या आठवड्यात ट्रकवाले भाडे वाढवून मागतात आणि ते निमूट दिले जाते. पुढच्या पहिल्या दहा दिवसांत तेच ट्रक नाक्यावर झोपा काढतात आणि तोच माल वितरकाच्या गोदामात धूळ खात पडतो. यात कंपनीचा खर्च वाचला? नाही. वितरकाचा वाचला? नाही. गिऱ्हाइकाला साबण लवकर मिळाला? तोही नाही. वाचली ती तिमाहीच्या आकड्यांची अब्रू आणि कुणा साहेबाचा बोनस. ज्या काटकसरीच्या नावाने हे महाभाग पर्यावरणाला दारातून हाकलतात, तिचाच गळा दर महिन्याच्या अखेरीस स्वतःच्या हातांनी घोटतात. काटकसर कुठे आहे? ही तर उधळपट्टी!

आणि आता तर दहा मिनिटांचा जमाना आला आहे. गल्लीगल्लीत काचेआड छुपी दुकाने उघडायची, त्यांना दिवसातून अनेकदा टेम्पोने माल पुरवायचा, आणि एका कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाठीवर पिशवी लटकवलेला पोर सिग्नल तोडत धावायला लावायचा, याला प्रगती म्हणतात. वर आरोप असा, की ग्राहकालाच घाई आहे. ग्राहकाची बदनामी थांबवा! एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरून ठेवणारे आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यादी करून वाण्याकडून किराणा भरणारे हे घर आहे. साठवण किती करावी आणि फेऱ्या किती माराव्यात याचे ज्ञान या घरातल्या बाईला हॅरिसच्या जन्माआधीपासून होते. तिला घाई शिकवली गेली. फुकट डिलिव्हरीचे आमिष दाखवून, सवलतीचे कुपन लावून, भांडवलदारांचा पैसा पाण्यासारखा ओतून शिकवली गेली. 'चार तासांनी, शेजाऱ्यांच्या मालाबरोबर एकाच फेरीत आणा आणि पाच रुपये कमी घ्या', असा पर्याय त्या मोबाइलवर ठळक अक्षरांत द्या, मग बघा हे घर कोणते बटण दाबते.

पण या सगळ्या प्रकरणात आमच्या मते सर्वांत किळसवाणी गोष्ट धुराची नाही, हिशेबाची आहे. पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांनी पर्यावरण आणि समाज यांविषयीचा जबाबदारी अहवाल २०२२-२३ पासून दिलाच पाहिजे, असा सेबीचा नियम आहे. ऐकायला भारदस्त. पण त्यात मेख अशी, की कंपनीने स्वतः जाळलेले इंधन आणि विकत घेतलेली वीज यांचा आकडा सक्तीचा, आणि भाड्याच्या ट्रकने, पुरवठादाराने, वितरकाने ओकलेल्या धुराचा आकडा, ज्याला 'स्कोप थ्री' म्हणतात, तो मर्जीचा. मग धूर्त माणूस काय करील? स्वतःचे ट्रक विकून टाकील, तेच ट्रक ठेकेदाराकडून भाड्याने घेईल, आणि पुढच्या अहवालात 'आमचे उत्सर्जन घटले' म्हणून छाती फुगवून मिरवील. तोच ड्रायव्हर, तोच रस्ता, तोच धूर. फक्त दुसऱ्याच्या वहीत, आणि ठेकेदार बिचारा वहीच ठेवत नाही! मोठ्या कंपन्यांनी निदान आपल्या साखळीतल्या भागीदारांची माहिती द्यावी, असे ठरले होते. तेही मार्च २०२५ च्या परिपत्रकाने वर्षभर पुढे ढकलले गेले आणि पहिल्या अडीचशे कंपन्यांसाठीही ऐच्छिक करून टाकले गेले. व्यवसायसुलभता, म्हणे. चोराला चोरी सांगण्याची सक्ती नको, त्याला त्रास होतो! देशाची नवी कार्बन बाजार योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली, सिमेंट-ॲल्युमिनियमच्या कारखान्यांना लक्ष्ये मिळाली. ट्रकांच्या या अखंड रांगेला मात्र त्या बाजाराचा वाराही लागलेला नाही.

सरकारचा वाटा यात थोडा नाही. प्रजासत्ताकाच्या आरंभी देशातल्या मालवाहतुकीचा ऐंशी टक्क्यांहून मोठा हिस्सा रेल्वेकडे होता; आज तो तिशीच्याही खाली आहे. २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर नेण्याचा संकल्प राष्ट्रीय रेल्वे योजनेत सोडून झाला, आणि संकल्पाचे पाणी तळहातावरच सुकले. दादरीहून न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत सुमारे पंधराशे किलोमीटरची खास मालगाड्यांची मार्गिका मंत्रिमंडळाने २००८ मध्ये मंजूर केली. राजस्थान-गुजरातेत गाड्या धावू लागल्या, पण ज्या बंदरासाठी हा खटाटोप मांडला त्या बंदराला जोडणारा वैतरणेपासूनचा १०२ किलोमीटरचा शेवटचा तुकडा मात्र वर्षानुवर्षे रखडला. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या कंटेनर बंदरांपैकी एक, आणि तिथला बहुतांश माल रस्त्याने! उरण-पनवेलच्या रस्त्यांवर दुतर्फा उभ्या ट्रेलरांमधून दुचाकी काढताना तिथल्या माणसाचा जीव मुठीत असतो तो का, याचे उत्तर या रखडलेल्या मार्गिकेच्या फायलींत आहे.

रेल्वे स्वस्त आहे, टनामागे धूरही ट्रकच्या मानाने कितीतरी कमी, तरी व्यापारी ट्रक का पकडतो? कारण मालगाडीला वेळापत्रक नाही. तिचा सरासरी वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास. डब्यांतून गेलेला माल तीन दिवसांनी पोचेल की आठ, हे स्टेशनमास्तरही सांगू शकत नाही. अशा बेभरवशाच्या गाडीवर विसंबायचे तर व्यापाऱ्याला अडीअडचणीसाठी जादा साठा बाळगावा लागतो, त्यात त्याचा पैसा अडकतो, आणि रेल्वेच्या भाड्यात वाचलेले सगळे त्या साठ्याच्या व्याजात जाते. या एका मुद्द्यावर आम्ही व्यापाऱ्याच्या बाजूने उभे आहोत. गाडी ठरल्या वेळी आणा, तो ठरल्या वेळी माल लादील. पण राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाचा सोहळा सप्टेंबर २०२२ मध्ये थाटात झाला, तेव्हा चर्चा कशाची? मालवाहतुकीचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३-१४ टक्के आहे आणि तो खाली आणायचा, याची. वर्षानुवर्षे हा आकडा कपाळावर मारून घेतल्यावर २०२५ मध्ये सरकारी मोजणीत तो ७.९७ टक्के निघाला. खर्चाची मोजणी एवढी चुकली तरी तिच्यासाठी धोरण होते, समित्या होत्या, सोहळा होता. धुराच्या मोजणीसाठी मात्र असा सोहळा कुणी मांडला नाही.

माल रुळांवर नेता येत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये भरलेले ट्रकच्या ट्रक सपाट वॅगनवर चढवून कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत नेऊन दाखवले. घाट-वळणे चुकली, डिझेल वाचले, ड्रायव्हरला झोप मिळाली. देशातल्या मोटारी बनवणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपनीने गुजरातेत हंसलपूरच्या कारखान्याच्या आतच रेल्वेचा फाटा नेला आणि २०२४ पासून तिथून गाड्या भरून गाड्या जाऊ लागल्या. ती कंपनी काही भिकेला लागलेली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली, सांगोल्याची डाळिंबे आणि सावद्याची केळी रुळांवरून दूरच्या बाजारांत पोचली. २०२२ च्या मार्चमध्ये भाड्यातले अनुदान संपले आणि ढोलताशेही थांबले. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकचा सोळाशे टन कांदा एकाच मालगाडीने दिल्लीत उतरला. ट्रकने न्यायचा तर पन्नासहून अधिक ट्रक लागले असते. पण सणासुदीला दिल्लीकरांचे डोळे ओले होतील या भीतीने ज्या सरकारला एका रात्रीत रेक सापडतो, त्याला एरवी तो का सापडत नाही?

सापडत नाही, कारण शोधायचा नसतो. खर्च आणि कार्बन यांचा तोल साधणे कठीण आहे, हा युक्तिवाद बुद्धिमंतांच्या परिषदांत शोभतो. इथे तोल साधण्याचा प्रयत्नच झालेला नाही, कारण तराजूच्या एका पारड्यात काही टाकलेलेच नाही. डिझेलचा पैसा कंपनी मोजते कारण तो तिच्या खिशातून जातो. गोदामाचे भाडे ती मोजते, व्याज मोजते, माथाडीची हमाली तर नाक मुरडत पैशापैशाने मोजते. दम्याचा पंप, औषधांचे बिल, वाहतूक कोंडीत अडकलेली रुग्णवाहिका, अवकाळीने झोपलेला द्राक्षाचा बाग, हे मात्र ती मोजत नाही, कारण ते तुमच्या खिशातून जाते. ज्याला ते 'स्वस्त नियोजन' म्हणतात, ते स्वतःचे बिल शेजाऱ्याच्या खात्यावर मांडणे आहे. व्यवहारात याला उधारी म्हणत नाहीत. लबाडी म्हणतात.

ही लबाडी थांबवण्यासाठी कुठल्या नव्या शोधाची वाट पाहायची नाही. भाड्याच्या ट्रकचा धूर सेबीने सक्तीने ताळेबंदाशेजारी छापायला लावावा, आणि तोही टन-किलोमीटरच्या हिशेबाने, म्हणजे रिकाम्या फेऱ्या झाकता येणार नाहीत. मालगाड्यांना प्रवासी गाड्यांसारखे वेळापत्रक द्यावे आणि उशिराचा दंड रेल्वेने भरावा. महिनाअखेरीची ही भुताटकी कंपन्यांच्या संचालक मंडळांनी स्वतःच बंद करावी; त्यासाठी कायदा लागत नाही, लाज लागते.

वाचकांपैकी अनेकांच्या कपाटात या कंपन्यांचे दहा-वीस शेअर आहेत, निदान म्युच्युअल फंडाच्या वाटेने तरी. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेला, ऑनलाइन का होईना, हजर राहा. लाभांशाच्या टाळ्या वाजून झाल्या की उठा आणि अध्यक्षांना विचारा, गेल्या वर्षी आपले किती ट्रक अर्धे रिकामे धावले. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.